साधे, एकरंगी अजगर पाळण्यात लोकांना एवढं काय आवडतं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: बॉल पायथन या सर्रास पाळल्या जाणाऱ्या आफ्रिकी अजगरात पिवळे, पांढरे, चट्ट्यापट्ट्यांचे इतके प्रकार मिळत असताना काही जण मातकट किंवा काळपट, अंगावर एक रेघही नसलेले आणि फारसे कुणाकडे नसलेले अजगर मुद्दाम शोधून का आणतात? मी त्याच लोकांपैकी आहे. माझ्याकडे नऊ वर्षांपासून सावू अजगराची एक मादी आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

सावू हे इंडोनेशियातलं तिमोरजवळचं छोटंसं बेट. हा अजगर मूळचा तिथलाच. माझी मादी पिल्लू होती तेव्हा विटकरी रंगाची होती, नवीन कौलासारखी. नक्षी तेव्हाही नव्हतीच. मग हळूहळू पाठ काळवंडत गेली. आज ती साडेचार फुटांची आहे, वरून जवळजवळ काळी, आणि कुशीवर अजून थोडी विटकरी झाक उरली आहे. डोळे मात्र पांढुरके, चांदीसारखे. त्या काळ्या डोक्यावर ते डोळे असे उठून दिसतात की अंगावर नक्षी असती तर नजर तिथपर्यंत पोचलीच नसती, असं मला वाटतं.

माझ्या मते यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. नक्षीदार साप पाहताना आपण नक्षी पाहतो. एकरंगी साप पाहताना साप दिसतो. पाठीच्या कण्यावरून सरकत जाणारी स्नायूंची लाट, श्वासासरशी दोन खवल्यांमधली फाकणारी कातडी, ओठांवरचे उष्णता ओळखणारे खळगे, हे सगळं मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते हिच्याच अंगावर.

आणि उजेड! खवल्यांच्या वरच्या थराची अतिसूक्ष्म रचना अशी असते की प्रकाश तिच्यावरून परतताना रंगांत फुटतो, साबणाच्या फुग्यावर फुटतो तसा. ही झळाळी पुष्कळ सापांत थोडीफार असते, पण खाली गडद रंगद्रव्याचा अखंड थर असला की इकडेतिकडे विखुरणारा प्रकाश तो शोषून घेतो आणि उरलेले रंग झगमगतात. म्हणजे ज्याला लोक ‘नुसता काळा’ म्हणतात, त्या काळेपणामुळेच ते इंद्रधनुष्य दिसतं. न्यू गिनीकडचा पांढऱ्या ओठांचा अजगर यात सगळ्यांवर मात करतो. त्याचं शास्त्रीय वर्णन 1878 मध्ये पीटर्स आणि डोरिया यांनी केलं. एका परिचितांकडे मी तो कात टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी पाहिला. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि तपकिरी अंगावरून जांभळा, निळा, हिरवा असे रंग त्याच्या हालचालीबरोबर वाहत होते. फोटोत यातलं जवळपास काहीच उतरत नाही. या जाती मागे पडतात त्याचं हेही एक कारण असावं, कारण हल्ली बहुतेक जण साप आधी फोटोतच पाहतात.

दुसरी ओढ आहे ती जातीची. बॉल पायथनबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही, तो शांत आणि सुरुवातीला सांभाळायला सोपा आहे. पण त्याच्या रंगप्रकारांना, म्हणजे मॉर्फना, माणसाने निवडून निवडून घडवलं आहे. त्यातल्या ‘स्पायडर’ प्रकारात नक्षीबरोबरच डोकं डुलण्याचा, तोल जाण्याचा मज्जासंस्थेचा दोष येतो, तरीही लोकांनी त्याची पैदास केली याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझी सावू मादी पाळीव जोडीची संतती आहे, पण दिसायला अगदी बेटावरच्या तिच्या भाऊबंदांसारखी. तिच्याकडे पाहताना ती कुठल्या जागेसाठी घडली आहे याचा विचार आपोआप येतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचा पाणअजगर पाहा. वरून चकचकीत तपकिरी, खालून पिवळा, बस्स. पण फॉग डॅमच्या पूरमैदानात रिक शाइन आणि थॉमस मॅडसेन या सर्पअभ्यासकांनी याच अजगरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, आणि पावसाळ्यात उंदीर जागा बदलतात तसे हे अजगरही त्यांच्यामागे काही किलोमीटर जातात, हे दाखवून दिलं. असं काही वाचलं की तो तपकिरी रंग मला साधा वाटेनासा होतो.

बाकीच्या एकरंगी जातींपैकी ऑलिव्ह अजगर फार देखणा, पण चांगला तीन-चार मीटर वाढतो, त्याला खोलीच द्यावी लागते. पापुआचा अजगर दुसरे साप खातो, त्यामुळे त्याला जोडीदाराबरोबर ठेवणंही जोखमीचं. लहान आणि तुलनेने सोपा हवा असेल तर चिल्ड्रन्स पायथन. याचा मुलांशी संबंध नाही. ब्रिटिश म्युझियमच्या जॉन जॉर्ज चिल्ड्रन यांच्या आडनावावरून प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी 1842 मध्ये ते नाव दिलं. त्याच्या पिल्लांवर डाग असतात, वाढत्या वयात ते बहुधा पुसट होत जातात.

आता कठीण भाग, कारण तो न सांगता ओढ लावणं बरोबर नाही. सावू, त्याचा जवळचा नातलग मॅक्लॉट अजगर, पाणअजगर ही सगळी मंडळी भुकेच्या बाबतीत कमालीची तत्पर. पेटीचं दार उघडलं की अन्नच आलं, असं समजून झेप घेतात. माझ्या मनगटावर पहिल्या वर्षातल्या दोन चाव्यांच्या खुणा आहेत. मग मी हात घालण्याआधी साप हाताळायच्या लांब दांड्याच्या हुकाने तिच्या अंगाला हलकेच स्पर्श करायला लागले. हुक लागला म्हणजे आज जेवण नाही, हे तिला काही महिन्यांत कळलं, आणि त्यानंतर ती चावलेली नाही.

त्याहून मोठी अडचण म्हणजे रानातून पकडून आणलेली जनावरं. गोचिड्या, पोटात जंत, आणि इतका ताण की महिनोन्‌महिने अन्नाला तोंड लावत नाहीत. अजगरांच्या सगळ्या जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराखाली येतात, तरी कागद असले म्हणजे पिल्लू पैदाशीतलंच आहे असं होत नाही. न्यू गिनीच्या डोंगरांतला काळाभोर बोलेन अजगर सगळ्यांनाच हवा असतो, मलाही फार वर्षं हवा होता. पण पिंजऱ्यात त्याची पैदास क्वचितच साधते आणि त्याला थंड हवा लागते, म्हणून मी तो विचार सोडला. एका बेटापुरत्या जातीच्या बाबतीत तर पकडलेला प्रत्येक साप तिथून कमी होतो.

तेव्हा तुमच्या देशातला कायदा परवानगी देत असेल आणि मन खरंच अशा जातीवर बसलं असेल, तर पैदास करणाऱ्याला आधी आईबाप दाखवायला सांगा. मग पिल्लाने आतापर्यंत कधी, काय खाल्लं याची नोंद मागा, आणि शक्य असेल तर ते तुमच्यासमोर गोठवून वितळवलेला उंदीर खाताना पाहा. रंग पाहायची घाई करू नका. माझ्या मादीचा आजचा रंग यायला चार वर्षं लागली.