मध्यरात्री सुकाणूवर कोण?

पत्र : न्यू जर्सीतल्या नोकऱ्या सोडून आम्ही चौघे दोन वर्षांसाठी 42 फुटी शिडाच्या नौकेवर राहायला आलो असून सध्या पनामात आहोत. मार्चमध्ये पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस आणि तिथून मार्केसास बेटांकडे निघायचे आहे. मुलगी 11 वर्षांची, मुलगा 8 वर्षांचा. पुण्याहून सासूबाई रोज रडून फोन करतात, मुलांच्या शाळेचे काय म्हणून विचारतात. नौकेचे सगळे हेच बघतात, रात्रीचा पहाराही हेच करतात; मला त्यातले काही येत नाही, मी मुले आणि स्वयंपाक सांभाळते. सासूबाईंची समजूत कशी घालावी?

उत्तर : सासूबाईंविषयी मी फार लिहिणार नाही. नातवंडे समुद्रावर असताना आजी रडणारच, आणि दोन वर्षांची शाळा आईवडिलांना नौकेवर शिकवता येते. मी अडले आहे ते 'मला त्यातले काही येत नाही' या तुमच्या अर्ध्या वाक्यावर, आणि ते तुम्ही इतक्या सहज लिहिलेत याचा मला राग आला आहे.

गालापागोसपासून मार्केसास सुमारे 3,000 सागरी मैल, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर आहे. तुमच्यासारख्या नौकेला त्यासाठी तीन ते चार आठवडे लागतात. एवढे दिवस नौका रात्रंदिवस चालत राहते, कारण भर समुद्रात नांगर टाकायला तळच सापडत नाही. एक माणूस इतक्या रात्री जागू शकत नाही. रात्री शीड आवरायला गेलेल्या तुमच्या यजमानांचा तोल गेला, तर सहा नॉट, म्हणजे ताशी सुमारे 11 किलोमीटर वेगाने जाणारी नौका एका मिनिटात सुमारे 185 मीटर पुढे गेलेली असेल, आणि लाटांमध्ये तेवढ्या अंतरावरचे माणसाचे डोके शोधणे दिवसाउजेडीही कठीण असते. तेव्हा नौका वळवणारे तुमच्याशिवाय कोणीही नसेल, आणि तुमची मुलगी तुमच्या तोंडाकडे बघत उभी असेल.

मदत बोलावू म्हणाल, तर 2018 साल आठवा. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलेले नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' नौकेवर दक्षिण हिंदी महासागरात पाठीला जबर दुखापत होऊन पडले होते. ते कुठे आहेत हे ठाऊक असूनही त्यांच्यापर्यंत पोहोचायला सुमारे तीन दिवस लागले.

पुढे तुआमोतूची प्रवाळबेटे लागतील. तिथे खाडीच्या तोंडातून आत शिरताना एकाने नौकेच्या पुढच्या टोकावर उभे राहून पाण्यातले प्रवाळ बघायचे आणि दुसऱ्याने सुकाणू धरायचे असते. तो दुसरा कोण?

यजमान तुमच्यावर माया करतात म्हणून सगळे स्वतः करत असतील, तरी त्यांनी चौघांचा जीव एका माणसाच्या झोपेवर टांगला आहे, आणि तुम्ही ते चालू दिले आहे.

पनामाच्या आखातात पर्ल बेटे आहेत, शहरापासून साधारण एका दिवसाच्या प्रवासावर. तिथे नौका तुम्ही न्या. शिडे तुम्ही चढवा, रात्रीचा एक पहारा एकटीने करा, आणि माणूस पडला असे समजून पाण्यात टाकलेला तरंगता गोळा न चुकता उचलता येईपर्यंत वळण घेत राहा. यजमानांनी हात बांधून गप्प बसावे. हे जमेपर्यंत गालापागोसकडे निघायचे नाही, मार्च उलटला तरी नाही. एप्रिलमध्ये निघूनही मार्केसास गाठता येते.

परत आलात की मला लिहा, आणि तिथे नांगर कोणी टाकला ते पहिल्या ओळीत सांगा.