वाचनालयाची खिडकी : आधी चष्म्याचा नंबर बघा

(तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात ३१ वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसलेल्या काकू या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काकू, मी ४३ वर्षांची. राहते बदलापूरला, नोकरी फोर्टात. सकाळी पावणेसातला घर सोडते, परत यायला रात्रीचे आठ वाजतात. घरी दोन मुलं, सासूबाई. लग्नाआधी आठवड्याला दोन पुस्तकं बदलून आणायचे. आता प्रदर्शनातून आणलेली तीन पुस्तकं वर्षभर उशाशी पडून आहेत. रात्री उघडलं की दुसऱ्या पानावर झोप. तुमच्याकडे येणारी माणसं वेळ कुठून काढायची?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : एक विचारते, रागावू नका. चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला होता?

तुमच्या वयाची असताना मलाही अशीच दुसऱ्या पानावर झोप यायला लागली. दिवसभर पुस्तकांतच असते, कंटाळा आला असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. एक दिवस एका सभासदाचं कार्ड हात लांब करून वाचत होते, तर ते हसून म्हणाले, "बाई, हात पुरत नाही वाटतं आता." चाळिशी लागली होती! चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळचं स्पष्ट दिसायला डोळ्यांना ताण पडतो, आणि दिवसभर दमलेला माणूस तो ताण घ्यायच्या ऐवजी पुस्तक मिटतो. आपल्या भाषेने त्या चष्म्याचं नावच चाळिशी ठेवलंय, तरी आपण बोल लावतो घड्याळाला. उशाशी पिवळा मिणमिणता दिवा असेल तर तोही बदला.

आता वेळ. लोकलमध्ये वाचा, असं मी सांगणार नाही. तसं सांगणाऱ्यांनी सकाळची गाडी एकदा धरून बघावी. मी डोंबिवलीला बहिणीकडे गेले होते तेव्हा लेडीज डब्यात चढले, म्हणजे चढवली गेले. पर्स माझ्या खांद्याला होती, पण दादर येईपर्यंत ती दिसली नाही. तिथे पुस्तक कुठलं उघडताय! पण परतीची गाडी कल्याणला हलकी होते, असं बहीण सांगते. मग विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. वीसेक मिनिटं. बसायला मिळालं तर तेवढ्यात मराठी कादंबरीची दहा पानं सहज होतात. आठवड्याचे पाच दिवस धरले तर पन्नास पानं, म्हणजे दोनशे पानांचं पुस्तक महिन्याला एक. लग्नाआधीचा हिशेब होणार नाही. तो आता विसरा.

आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचणारा सभासद एसटीत कंडक्टर होता. मुक्कामाची गाडी घेऊन जायचा. संध्याकाळी शेवटच्या गावात गाडी लागली की ड्रायव्हर जेवून आडवा व्हायचा आणि हा कंदील घेऊन वाचत बसायचा. जाड पुस्तक मागायचा. "बारकं मुक्कामाला पुरत नाही, बाई." पुस्तक परत आलं की आत जुन्या तिकिटांचे गुलाबी-हिरवे कपटे निघायचे, खुणेला घातलेले. याच्या उलट, निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अनामत भरून सभासद झालेले, "आता काय, वेळच वेळ" म्हणणारे साहेब मी कितीतरी पाहिले. तीन महिन्यांनी पुस्तक दंडासकट परत यायचं आणि पानं अजून एकमेकांना चिकटलेली असायची. मागच्या चिठ्ठीवरचे तारखेचे शिक्के खोटं बोलत नाहीत.

आणि मी? मी निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षात चार पुस्तकं वाचली. चार! पुस्तकं आतल्या खोलीत काचेच्या कपाटात, चष्मा टीव्हीवर, आणि मोबाइल कायम हातात. मुलीने वैतागून एक पुस्तक आणि जुना चष्मा स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांशेजारी ठेवला. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत जे होईल ते. त्या पुस्तकाला हळदीचे डाग पडलेत, पण ते संपलं. तेव्हा तुमची तीन पुस्तकं आधी उशाशी ठेवलेली आहेत तिथून हलवा. उशी ही झोपायची जागा आहे. एक ऑफिसच्या बॅगेत जाऊ दे, डब्याच्या पिशवीत नको, आमटी सांडते.

ग्रंथपालनाच्या वर्गात आम्हाला ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांचे पाच नियम पाठ करायला लावले होते. १९३१ मध्ये त्यांनी ते पुस्तकरूपाने मांडले. चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा. मला वाटायचं, म्हणजे रॅकमधून पुस्तक झटपट काढून द्यायचं. टेबलावर दहा वर्षं बसल्यावर कळलं की भलतं पुस्तक झटपट दिलं तर वाचकाचा महिना जातो. प्रदर्शनातली तीन पुस्तकं सवलत होती म्हणून घेतलीत की वाचावीशी वाटली म्हणून? जे तिसाव्या पानापर्यंत ओढून नेत नाही ते मैत्रिणीला देऊन टाका.

तुटक वेळेला माझ्या मते दिवाळी अंकासारखं दुसरं काही नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर लोकल नसणार, पण एक कथा आठ-दहा पानांची, एका बैठकीत संपते. संपवल्याचं समाधान मिळालं की पुढचं वाचायला हात आपोआप जातो. बऱ्याच वाचनालयांत एकदा वर्गणी भरली की महिनोन् महिने अंक बदलून नेता येतात. बदलापुरात चौकशी करा. दिवाळीनंतरच्या महिन्यात जाऊ नका, चांगले अंक सगळे बाहेर असतात. मार्चमध्ये जा, तोवर गर्दी ओसरलेली असते.

प्रश्न : मी पुण्यात एमपीएससीची तयारी करतो. दिवसाचे बारा तास अभ्यासिकेत. कादंबरी हातात घेतली की चोरी करतोय असं वाटतं. वडील शेती करून पैसे पाठवतात. परीक्षा होईपर्यंत वाचन बंदच ठेवू का?
— एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : बाळा, बारा तासांत तू चहाच्या टपरीवर किती वेळ असतोस ते मला नको सांगू, मनाशी मोज. त्यातली वीस मिनिटं कादंबरीला दिलीस तर वडिलांचं काही बुडत नाही. फक्त रहस्यकथा घेऊ नकोस. खुनी कोण हे कळेपर्यंत पहाट होते आणि दुसऱ्या दिवशी राज्यघटनेवर डोकं टेकतं. प्रवासवर्णन घे, ललित लेख घे, जे कुठेही थांबवता येतं. मेसमधून येऊन झोपायच्या आधी वाच. आणि पुढच्या फोनवर वडिलांना सांग काय वाचतोयस ते. चोरी वाटते ना? मग ती लपवू नकोस.

प्रश्न : स्वयंपाक करताना मोबाइलवर पुस्तकं ऐकते. यजमान म्हणतात, हे काही वाचन नव्हे. खरं आहे का?
— गृहिणी, बेळगाव

उत्तर : आमच्या आळीत श्रावणात एक जण पोथी वाचायचा आणि वीस जण ऐकायचे. अध्याय संपल्यावर प्रसाद सगळ्यांना सारखाच मिळायचा. यजमानांना सांगा, पोळ्या तुम्ही लाटा, मी पुस्तक डोळ्यांनी वाचते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७१. वेळ भरपूर, वाचन भरपूर, पण लक्षात काही राहत नाही. परवा वाचनालयातून आणलेलं पुस्तक अर्धं झाल्यावर समजलं की हे गेल्याच वर्षी वाचलंय. मग वाचून उपयोग काय?
— एक वाचक, सांगोला

उत्तर : सर, अर्धं होईपर्यंत आवडलं ना? मग दुसऱ्यांदा जेवण गोड लागल्यासारखंच झालं. रोजच्या व्यवहारातलंही विसरत असाल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्या. नुसती पुस्तकंच विसरत असाल तर तुमच्यासारखे निम्मे सभासद मी सांभाळलेत.

शंभर पानी वही करा. तारीख, पुस्तकाचं नाव, आणि एकच ओळ, ती पण पुस्तकाचा सारांश नको. "हे वाचताना लाइट गेली होती", "यातल्या मामासारखा आमचा हेडमास्तर होता" असलं काहीतरी. सारांश विसरतो, लाइट गेलेली आठवते. तुम्ही वर्गात धडे शिकवलेत, त्यामुळे तुमचा हात सारांशाकडेच जाईल, तो आवरा.

आमच्याकडे एक आजी होत्या. दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, भाजीची पिशवी टेबलाच्या पायाशी टेकवून पुस्तक बदलायच्या. नवीन पुस्तक दिलं की त्या आधी एकोणिसावं पान उघडून बघायच्या आणि कधीकधी "हे नको, झालंय" म्हणून परत करायच्या. मला काही केल्या उलगडा होईना. एकदा त्यांनी परत केलेलं पुस्तक उघडून बघितलं. एकोणिसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक तुळस काढलेली, चार पानांची, खाली वृंदावनाचा चौकोन. मग रॅकवर जाऊन पाहिलं तर कथासंग्रहाचं निम्मं कपाट तुळशींनी भरलेलं. नियमाने दंड लागू होता, आणि प्रत्येक पान खोडून ठेवायचं काम माझं.

मी एकही खोडली नाही. पण सर, वाचनालयाच्या पुस्तकात खुणा करा असं मी छापील सदरात लिहू शकत नाही. तुम्ही वहीतच लिहा.