व्याह्यांशी लागलेली बोली

प्रश्न : काकू, मी नाशिकला असतो. दोन वर्षं झाली, शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची जुनी नाणी, जमवतोय. गेल्या महिन्यात एका ऑनलाइन लिलावात दहा दुदांडी शिवरायांचा लॉट होता. पाच हजारांच्या वर जायचं नाही असं ठरवलं होतं. शेवटच्या दोन मिनिटांत कुणीतरी सारखं वर जायला लागलं, मग मीही गेलो. 6,200 ला लॉट माझा झाला आणि बिल आलं 7,767 रुपयांचं! बायकोने दोन दिवस अबोला धरला. ही फसवणूक म्हणायची का?

उत्तर : नाही. हे सगळं अटींच्या पानावर लिहिलेलं असतं, आपण ते पान उघडत नाही एवढंच. तुम्ही पाठवलेलं बिल मी मांडून पाहिलं. तीस वर्षं बँकेत कॅशियर होते, सवय जात नाही. 6,200 वर लिलाववाल्यांचं 18 टक्के कमिशन, म्हणजे 1,116. त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी, 201. विम्यासकट कुरिअरचे 250. बेरीज बरोबर आहे. अबोलाही बरोबर आहे.

हिशोब उलट्या बाजूने करायचा. घरातून एकूण किती बाहेर जाऊ द्यायचे, ते आधी ठरवा. समजा सहा हजार. त्यातून कुरिअरचे 250 काढा, राहिले 5,750. कमिशन आणि त्यावरचा कर मिळून सव्वाएकवीस टक्के पडतात, म्हणून 5,750 ला 1.2124 ने भागा. येतात 4,740 च्या आसपास. म्हणजे तुमची शेवटची बोली 4,700. कमिशनचा दर जागोजागी वेगळा असतो, काही जण नाण्याच्या किमतीवरही कर लावतात, तेव्हा दर लिलावाला हा भागाकार नव्याने करा.

आता ते ‘कुणीतरी’. माझीच गोष्ट सांगते, आमच्या व्याह्यांकडे हा अंक जात नाही असं धरून चालते. मला 1911 चा रुपया हवा होता. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी परत घेतली आणि 1912 पासून चित्र बदललं, तो रुपया. साडेचार हजारांची मर्यादा वहीत लिहून ठेवली होती. समोर एकच गिऱ्हाईक उरलं. नाव दिसत नाही, नुसता नंबर. तो दोनशे वाढवी, मी दोनशे वाढवी. शेवटी तर मी नाण्याकडे बघतसुद्धा नव्हते, त्या नंबराला हरवायचं होतं. 7,800 ला जिंकले. संक्रांतीला मिरजेला लेकीकडे गेले, तर व्याही सांगत होते, ‘एक डुक्कर रुपया हातचा गेला हो. मी साडेसातपर्यंत ताणलं, पण कुणी येडं 7,800 ला घेऊन गेलं.’ मी मुकाट्याने चहा प्याले. अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून मी लिलाव चालू असताना समोर बसत नाही. बहुतेक ठिकाणी कमाल बोली आधी भरून ठेवता येते. तुम्ही 4,700 भरले आणि दुसऱ्याची धाव 3,800 वर थांबली, तर लॉट तुम्हाला त्याच्या एक पायरी वर मिळतो, 4,700 द्यावे लागत नाहीत. दोघांनी तोच आकडा भरला असेल तर सहसा आधी भरणाऱ्याला मिळतो, म्हणून उगाच थांबू नका. अगदी शेवटच्या सेकंदाला झडप घालायची युक्ती पुष्कळ जण सांगतात, पण बऱ्याच ठिकाणी शेवटी बोली आली की वेळ आपोआप वाढतो. युक्ती वाया, रक्तदाब मात्र वाढतो. आकडा भरायचा आणि भाजी आणायला बाहेर पडायचं.

आकडा काढायचा कुठून? लिलाववाल्यांच्या संकेतस्थळावर जुने निकाल असतात. तसाच लॉट आधी कितीला गेला, ते चार-पाच ठिकाणी बघा. कॅटलॉगमधली अंदाजे किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. तुमच्या लॉटच्या फोटोत मला आणखी एक गोष्ट खटकली. वर्णनात ‘शिवकालीन, 1674’ लिहिलंय. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी ही पुढची, पेशवाईतली. ती ढिगाने मिळते, सुटी घेतली तरी महाग नसते. दहांपैकी दोनच नाण्यांवर ‘श्री राजा शिव’ जवळजवळ पूर्ण वाचता येतंय. तांब्याची चकती ठशापेक्षा लहान असायची, त्यामुळे अक्षरं काठावर कापली जातात. पैसे त्या दोन नाण्यांचे धरायचे, उरलेली आठ सोबतीला. आणि हो, आली की चिंच लावून घासत बसू नका. तांब्यावरचा तो काळपट थर गेला की किंमत गेली.

प्रश्न : सहाव्या जॉर्जचा 1939 चा चांदीचा रुपया लिलावात दिसतोय. ‘दुर्मिळ, वजन 11.66 ग्रॅम’ असं लिहिलंय. वजन बरोबर आहे, मग खरा समजू का? (सोलापूर)

उत्तर : वजनावर जाऊ नका. 1938 चा रुपयाही 11.66 ग्रॅमचाच, आणि 1940 नंतरचाही. 1940 पासून चांदी 91.7 टक्क्यांवरून 50 वर आणली, वजन तेच ठेवलं. 1939 हा खरोखरच विरळा आहे, म्हणून 1938 मधला 8 कोरून 9 करणारे कारागीर आहेत. विक्रेत्याकडे दोन जवळचे फोटो मागा, एक सालाचा आणि एक काठाचा. शेवटच्या आकड्याभोवतीची चांदी खरवडल्यासारखी किंवा आजूबाजूपेक्षा वेगळी चमकत असेल तर सोडून द्या. काठावर दातऱ्यांच्या मधोमध गोल फिरलेली खाच दिसली तर प्रश्नच मिटला, तो 1939 चा नव्हे. ती 1940 पासूनची खूण. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून देणाऱ्या कंपन्यांच्या डबीत बंद असेल तर डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळतो का बघा, कारण आता डब्याही नकली येतात. खोटं निघालं तर परत घेणार का, हे लेखी विचारा. उत्तर टाळलं तर तेच उत्तर.

प्रश्न : आत्याकडे ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट आहे, नंबरात 786. एका माणसाने फोनवर तीन लाख देतो म्हटलंय. रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते म्हणून आधी 1,850 रुपये भरायला सांगतो. भरावेत का? (लातूर)

उत्तर : नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारात ती नाही आणि त्यासाठी कुठलंही शुल्क घेत नाही. घेणारा आधी पैसे मागतो, असा लिलाव नसतो. नंबर ब्लॉक करा. 786 च्या नोटेला हौशी माणूस थोडं जास्त देईलही, पण ते लाखांत नाही. आणि आत्यांना नोट मोडायचीच असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात अजून पाच रुपयांना चालते.