स्वस्त परदेशी रिव्हॉल्व्हर आणि न उडणारी काडतुसे

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांचे .२२ बोअरचे परदेशी रिव्हॉल्व्हर रीतसर परवान्यावर माझ्या नावे झाले आहे. त्यातली एकदोन काडतुसे उडतच नाहीत, आणि कधीकधी शिशाचे बारीक कण हातावर येतात. नवी काडतुसे आणूनही तेच. दोष कशात असावा?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : काडतुसे बदलूनही फरक पडत नाही, त्या अर्थी दोष हत्यारातच आहे. .२२ च्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या पोकळ घडीत असतो आणि फायरिंग पिनने (काडतुसावर आपटणाऱ्या टोकदार खिळीने) ती कड सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसे भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या, काठावर जोराने चेपली, तरच तो पेटतो. रिकामे रिव्हॉल्व्हर वारंवार चालवले असेल, तर पिन थेट त्या काठावर आपटून खळगा पडतो. मग कडेला टेकू राहत नाही आणि घोड्याची (पिन काडतुसावर आदळवणाऱ्या हातोडीची) स्प्रिंग मुळातच कमजोर असली, तर काडतूस हमखास फुकट जाते.

शिशाचे कण हे मात्र अधिक गंभीर लक्षण आहे. सिलिंडर नळीच्या अगदी समोर थांबत नसल्यामुळे गोळी नळीच्या तोंडाला घासते आणि तासलेले शिसे फटीतून बाहेर उडते. या स्वस्त हत्यारांपैकी अनेकांचा सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो आणि नळीतही पोलादाचे पातळ अस्तरच असते. त्या मऊ धातूत पोलादी खिळ्यांची भोके हळूहळू लांबट होतात, म्हणून सुटे भाग बदलूनही जुळणी टिकत नाही. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात पोलाद आणि जस्त जिथे टेकतात, तिथे पांढरी पूड धरू लागते, तीही पाहावी. अमेरिकेने १९६८ च्या कायद्याने अशा लहान, स्वस्त पिस्तुल-रिव्हॉल्व्हरांची आयात रोखली होती.

माझे स्पष्ट मत असे, की हे रिव्हॉल्व्हर आपण यापुढे चालवू नये आणि भरूनही ठेवू नये, कारण अशा अनेक नमुन्यांत घोडा थेट काडतुसाच्या कडेवर टेकलेला असतो आणि हातातून पडले तरी गोळी सुटू शकते. घरी कानस लावण्याच्या भानगडीत पडू नका. शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. परवानाधारक दुरुस्तीकाराकडून तपासणी करून घ्या आणि त्याने सांगाडाच सैल झाल्याचे सांगितले, तर हत्यार जमा करण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा.