शेवग्याचे झाड, फूटभर जागा आणि पंधरा लाखांची ठेव

साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या आणि शेजाऱ्याच्या बंगल्यामधली साठ फूट लांबीची जुनी भिंत दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात पडली. त्या पुण्याला मुलीकडे असताना शेजाऱ्याने नवी भिंत बांधून घेतली. ही भिंत पुढच्या फाटकापाशी जुन्याच जागी असली, तरी मागच्या कोपऱ्यात फूटभर आत आली आहे. शेजारी आता एक लाख वीस हजारांच्या खर्चापैकी निम्मे, म्हणजे साठ हजार रुपये मागत आहेत. दावा लावून भिंत पाडावी आणि नवी बांधावी, त्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून चार लाख काढावेत, असा बाईंचा विचार आहे. वकिलांनी दाव्याचा खर्च दीड लाख सांगितला आहे. चार-पाच वर्षांनी घर विकून पुण्याला जाण्याचाही त्यांचा बेत आहे.

आपल्या पत्रात पैशांविषयी चार ओळी आहेत आणि भिंतीपलीकडे गेलेल्या शेवग्याविषयी दोन परिच्छेद. स्वतः लावलेल्या झाडाच्या शेंगा शेजाऱ्याने काढाव्यात याचा राग मी समजू शकतो. पण चार लाखांचा निर्णय त्या रागावर सोडता येणार नाही.

प्रथम जागेची किंमत पाहू. आपण साठ फूट गुणिले एक फूट असा हिशेब करून तीन हजार रुपये दराने एक लाख ऐंशी हजारांचे नुकसान धरले आहे. परंतु आपल्याच वर्णनानुसार भिंत तिरपी आहे, म्हणजे गेलेला तुकडा त्रिकोणी असून तो साधारण तीस चौरस फुटांचा, नव्वद हजारांचा भरतो. त्यासाठी दावा आणि नवी भिंत मिळून दोन लाख सत्तर हजार रुपये, शिवाय पाडकामाचा खर्च, हे गणित मला पटत नाही.

त्याहून महाग आहे तो पैसे काढण्याचा मार्ग. या योजनेच्या खात्यातून हवे तेवढेच पैसे काढता येत नाहीत, पूर्ण खाते बंद करावे लागते. आपले खाते पंधरा लाखांचे आणि दीड वर्षापूर्वीचे आहे. दोन वर्षे पूर्ण होण्याआधी ते मोडल्यास मुद्दलातून दीड टक्का, म्हणजे साडेबावीस हजार रुपये कापले जातील, आणि तेही चार लाखांवर नव्हे तर पूर्ण पंधरा लाखांवर. आपला 8.2 टक्के दर पाच वर्षांसाठी कायम आहे. त्यातून दर तिमाहीला मिळणाऱ्या 30,750 रुपयांवर आपली औषधे आणि आरोग्य विम्याचा हप्ता चालतो, असे आपणच लिहिले आहे. या खात्याला हात लावू नये. पैसे लागलेच, तर बँकेतील सहा लाखांच्या मुदत ठेवीवर कर्ज घ्यावे. ठेवीच्या दराहून थोडे अधिक व्याज पडेल, पण ठेव मोडणार नाही.

मात्र गप्प बसावे, असेही मी सुचवणार नाही. हद्द जागेवर जुळत नसेल, तर घर विकताना खरेदीदाराच्या बँकेचा मूल्यांकनकार ते दाखवून देईल आणि भाव पाडण्यास ते निमित्त पुरेल. उलट दावा चालू असला आणि त्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदलेली असली, तर खरेदीदारही निकालाला बांधील राहतो. असे घर घ्यायला फारसे कोणी पुढे येत नाही. म्हणजे चार-पाच वर्षांत विकायचे असलेल्या घरावर लांबणारा दावा लावणे, हे स्वतःच्याच मालमत्तेचा भाव स्वतः उतरवण्यासारखे आहे.

पहिला खर्च मोजणीचा करावा. उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज देता येतो आणि काही हजारांत काम होते. शेजाऱ्यांना रीतसर नोटीस जाते, भूकरमापक खुणा दाखवतो आणि आपल्याला नकाशाची ‘क’ प्रत मिळते. शेजाऱ्यांचा आक्षेप असल्यास ते निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागू शकतात. मोजणीत हद्द आपल्या समजुतीपेक्षा वेगळी निघण्याचीही तयारी असू द्यावी. तोवर साठ हजारांतील एक रुपयाही देऊ नये, कारण लेखी अट न घालता दिलेला वाटा उद्या भिंतीच्या रेषेला दिलेली संमती म्हणून पुढे केला जाईल.

मोजणी आपल्या बाजूने आली, तर माझा प्रस्ताव असा: फक्त मागची वीस फूट भिंत सरकवावी. शेजाऱ्यांच्याच खर्चावरून फुटाला दोन हजार पडतात, म्हणजे चाळीस हजारांत निम्म्याहून अधिक जागा परत येते, आणि शेवगाही. भिंतीला मध्ये खाचा दिसेल, तो दिसू द्यावा. हा खर्च संपूर्ण आपण उचलला, तरी मागितलेल्या साठ हजारांपेक्षा कमीच आहे. उरलेली भिंत आहे तिथे राहील, पण तिच्याखालची पट्टी आपल्या मालकीची असून भिंत आपल्या परवानगीने उभी आहे, हे शेजाऱ्यांनी लिहून द्यावे. परवानगीने असलेला ताबा प्रतिकूल ताबा (मूळ मालकाच्या संमतीविना वर्षानुवर्षे राखून पुढे हक्क सांगता येतो असा ताबा) ठरत नाही, म्हणून हे वाक्य महत्त्वाचे. पट्टी विकण्याच्या भानगडीत पडू नये. मंजूर रेखांकनातील भूखंडाचे विभाजन, परवानगी आणि नोंदणी यांचा व्याप तीस चौरस फुटांना झेपणारा नाही.

ही तडजोड जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत, दावा दाखल करण्यापूर्वीच, लोकअदालतीत नोंदवता येते. तेथील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही. शेजाऱ्यांनी नकार दिला, तरी मालकीच्या आधारे ताबा मागण्याची मुदत बारा वर्षांची आहे आणि त्यातील दोनच गेली आहेत. नुसती नोटीस पाठवल्याने ही मुदत थांबत नाही, एवढे लक्षात असू द्यावे. मोजणी, वकिलांची नोटीस आणि वीस फूट भिंत यांसाठी साठ हजारांची मर्यादा आजच ठरवावी आणि ती ओलांडण्यापूर्वी मला पुन्हा लिहावे.

मोजणीच्या दिवशी कन्येला साताऱ्याला बोलावून घ्यावे. भूकरमापकाने दाखवलेल्या प्रत्येक खुणेचे छायाचित्र त्याच दिवशी काढावे, आणि त्यातले एक शेवग्याच्या बुंध्यापाशी उभे राहून.