जिओटेक्निकल आणि पर्यावरण: प्राध्यापकीची वाट धरण्यापूर्वी

तुम्ही विचारले आहे की सिव्हिलची पदवी हाती आल्यावर स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडची नोकरी धरावी, की गेट ही प्रवेश परीक्षा देऊन जिओटेक्निकलमध्ये, म्हणजे माती आणि पाया यांच्या अभियांत्रिकीत, एम.टेक. आणि पुढे पीएच.डी. करून प्राध्यापक व्हावे. शिवाय त्यात पर्यावरण जोडले तर दोन्ही विषय अर्धवट तर राहणार नाहीत ना. मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी २६ वर्षे सॉइल मेकॅनिक्स शिकवतो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

अर्धवट राहण्याची भीती आधी बाजूला ठेवा. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी ठाणे खाडीकाठच्या चिकणमातीचे नमुने ओडोमीटरमध्ये (माती भाराखाली किती दबते ते मोजणाऱ्या उपकरणात) नळाच्या पाण्यात ठेवून तपासले होते. मार्गदर्शकांनी वही चाळली आणि एवढेच विचारले, "ही माती जिथली आहे, तिथे पाणी गोडे आहे का?" चार महिन्यांचे काम पुन्हा करावे लागले. खाडीचे पाणी वापरल्यावर तीच माती वेगळी वागली, कारण चिकणमातीच्या कणांभोवती जो पाण्याचा थर धरलेला असतो, तो क्षार वाढले की आकसतो आणि कमी झाले की फुगतो. छिद्रांतल्या पाण्याचा दाब वजा केल्याशिवाय मातीची ताकद कळत नाही, हे कार्ल तेरझागी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले. त्या पाण्यात काय विरघळले आहे, हा प्रश्न त्याच विषयाचा पुढचा भाग आहे.

आपल्या शहरात हा प्रश्न डोळ्यांसमोर आहे. देवनारला १९२७ पासून खाडीकाठी कचरा पडत आला, आणि तळाशी अस्तर घालण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. पुढे २००० सालच्या घनकचरा नियमांनी नव्या भरावभूमीसाठी १.५ मिमी जाडीचे एचडीपीई जिओमेम्ब्रेन, म्हणजे प्लास्टिकचे जलरोधक अस्तर, आणि त्याखाली ९० सेंमी मातीचा थर सांगितला, ज्याची पारगम्यता, म्हणजे पाणी झिरपू देण्याची क्षमता, १ × १०⁻⁷ सेंमी प्रति सेकंदापेक्षा जास्त नसावी. जलीय उतार (पाण्याला ढकलणारी पातळीतली घट भागिले थराची जाडी) एक धरला, तर हा वेग वर्षाला जेमतेम ३ सेंमी होतो. परंतु प्रयोगशाळेत ती पारगम्यता बहुधा साध्या पाण्याने मोजली जाते. कचऱ्यातून झिरपणारे क्षारयुक्त लीचेट वर्षानुवर्षे त्या मातीतून जात राहिले, तर ती तितकीच घट्ट राहील का? या एका प्रश्नावर माणसाची सारी कारकीर्द खर्ची पडू शकते, आणि ती सार्थकी लागली असेच मी म्हणेन.

आता वाटेविषयी. गेटचा स्कोअर तीन वर्षे चालतो, तेव्हा घाई नको. आयआयटीत शिकवायचे असेल तर पीएच.डी. लागतेच. माझा आग्रह वेगळ्याच गोष्टीसाठी आहे: स्ट्रक्चरलची नोकरी घेण्याऐवजी वर्षभर एखाद्या सॉइल इन्व्हेस्टिगेशन करणाऱ्या संस्थेत काम करा. बोअर लॉगमधली, म्हणजे जमिनीत भोक पाडताना केलेल्या थरांच्या नोंदीतली, 'एन व्हॅल्यू' म्हणजे ६३.५ किलोचा घण ७५ सेंमीवरून पडत असता नळी ३० सेंमी आत जाण्यासाठी लागलेले ठोके. पण घण खरोखर तेवढा उचलला जात होता का, हे भोक पाडणाऱ्या रिगजवळ उभे राहिलेल्यालाच कळते. वरचा भराव, खालची सागरी चिकणमाती, मग झिजलेला खडक आणि ब्रेशिया (टोकदार तुकडे जुळून झालेला खडक) किंवा काळा बेसाल्ट, असा उभा छेद एकदा स्वतः लिहून काढला की वर्गात शिकवताना शब्दांना वजन येते. माझे जे विद्यार्थी साइटवर न जाता थेट संशोधनात गेले, त्यांपैकी अनेकांचे शोधनिबंध नेटके आहेत, पण सल्ला देताना त्यांचा हात अडखळतो.

संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक निवडा. अर्ज करण्यापूर्वी प्रयोगशाळेत जाऊन तिथल्या विद्यार्थ्याला विचारा, की त्याचा सर्वांत लांबलेला प्रयोग किती महिने चालला आणि नमुना कुठून आणला होता. पारगम्यतेच्या चाचण्या महिनोन्‌महिने चालतात. उत्तर ऐकून तो नमुना स्वतः काढून आणावासा वाटला, तर अर्ज जरूर करा.