डिसअपॉइंटमेंटला निराशा म्हणावं की हिरमोड?

प्रश्न असा आलाय की डिसअपॉइंटमेंटला मराठीत निराशाच म्हणायचं का, कारण कास पठारावर फुलं बघायला गेलो आणि नुसतं धुकं बघून आलो याला निराशा म्हणणं जरा जड वाटतं. वाटणारच. तिथं हिरमोड. आधी हौस पाहिजे, पोरांनी आदल्या रात्रीच बॅगा भरून ठेवलेल्या पाहिजेत, आणि ऐनवेळी सगळं फिसकटलं की हिरमोड होतो. पोरगं असेल तर हिरमुसलं म्हणायचं, नायतर सरळ 'तोंड एवढंसं झालं बघ', त्यात सगळं आलं. मित्रांत पोपट झाला म्हणतात पण त्याला हसणारं कुणीतरी समोर लागतं.

निराशा चूक नाहीये, फक्त वाक्यात कशी बसवता त्यावर आहे. 'माझी निराशा झाली' हे तेवढ्यापुरतं, मॅच बघायला बसलो आणि आपली टीम शंभरात गारद, तसलं. 'मी निराश झालोय' म्हटलं की मात्र पुढचं काही दिसत नाही असा अर्थ लागतो, आणि नैराश्य तर आता डिप्रेशनसाठीच वापरतात. तासगावकडं द्राक्षाची बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस लागून राहिला, दावण्या रोग आला, घड कुजले, औषधाचा खर्च अंगावर, अशा माणसाला 'तुमचा हिरमोड झाला' म्हणून बघा, शिव्याच खाल. तो खचलेला असतो.

माणसानं केलेली डिसअपॉइंटमेंट अजून वेगळी. अपेक्षाभंग आहे की, पण तो लिहिण्यातला, घरात कोण बोलतंय तसं? तिथं 'तुझ्याकडनं ही अपेक्षा नव्हती', बास. वडील एवढंच बोलून पेपर वाचायला लागले की कळतं किती लागतं ते. नाराज म्हणाल तर त्यात रुसवा आहे, लग्नात मानपान राहिला की पाव्हणे होतात ते.

आणि ते 'भ्रमनिराश' लिहिणं थांबवा राव, शब्द भ्रमनिरास आहे. निरास म्हणजे दूर होणं, शंकेचं निरसन म्हणतो त्यातलाच, निराशेचा काही संबंध नाही. म्हणजे आधी भ्रम पाहिजे, एखाद्या पुढाऱ्याला देव मानत होता आणि जवळनं बघितल्यावर डोळे उघडले, तर भ्रमनिरास. साताऱ्याची एसटी चुकली तर नाही.